पहिली गिटार ‘दांडी’शिवाय घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांसाठी वाद्य कसं निवडावं, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. पेटी, तबला, कीबोर्ड इथपर्यंत माझं काही भांडण नाही. इलेक्ट्रिक गिटारबद्दल मात्र त्यात एक वाक्य आहे, की त्याच किमतीत ट्रेमोलोवाली, म्हणजे सूर हलवायच्या दांडीची, मिळत असेल तर तीच घ्यावी, एक सोय जास्त मिळते. या ‘सोयी’पायी माझ्याकडे महिन्याला चार-पाच पालक येतात, म्हणून हे पत्र.

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांवर माझी एक खोली आहे. तिथं मी गिटारी दुरुस्त करतो. त्याआधी पंचवीसेक वर्षं सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या ऑर्केस्ट्रांत लीड गिटार वाजवली. गणपती, जत्रा, लग्न, जी सुपारी येईल ती.

ज्यांना गिटारची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सतारीला जशी घोडी, तसा गिटारला ब्रिज. साध्या गिटारमध्ये तो लाकडावर स्क्रूनं पक्का बसवलेला असतो. ट्रेमोलोमध्ये तो पुढच्या कडेवर डुलतो. पाठीमागच्या खाचेत स्प्रिंगा असतात, त्या त्याला मागं खेचून धरतात. वर एक लोखंडी दांडी लावलेली असते. ती दाबली की ब्रिज पुढं कलतो, सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की परत जागेवर. निदान यावा अशी अपेक्षा असते.

पुढचं सगळं दुखणं त्या अपेक्षेतच आहे. ब्रिज हवेत तरंगता ठेवला तर तो तराजू झाला. एका पारड्यात सहा तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. पोरं वापरतात त्या बारीक तारांचा, म्हणजे नाईनच्या सेटचा (सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाड), एकूण ताण ३८-३९ किलोंच्या आसपास असतो. तो स्प्रिंगांनी उलट बाजूनं तोलून धरला पाहिजे. आता पोरगं एक तार चढवायला लागलं की ब्रिज केसभर पुढं सरकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. मग दुसरी चढवायची, की पहिली उतरली. नवशिक्याचा अर्धा तास यातच जातो, शेवटी कंटाळून तो गिटार भिंतीला टेकवतो आणि मोबाइल उचलतो. दुकानात कुणीतरी सांगतं, ‘टेनचा सेट घाल, आवाज भरदार येईल’. तो सेट ४६-४७ किलोंनी ओढतो. म्हणजे सात-आठ किलोंचं वजन एका पारड्यात वाढलं. ब्रिज मागून बोटभर वर उचलला जातो, तारा फ्रेटपासून, म्हणजे पडद्यांपासून, उंच जातात, आणि आई-वडील म्हणतात, गिटारच वाकली.

माझं स्वतःचं सांगतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. गणपतीतली सुपारी, समोर दीड-दोन हजार माणूस, आणि माझ्या गळ्यात नवी ट्रेमोलोवाली गिटार, जिचा रुबाब मी आठवडाभर मिरवत होतो. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याआधी ‘जी’ सुराची तार तुटली. साध्या गिटारमध्ये तार तुटली तर पाच उरतात, माणूस वेळ मारून नेतो. इथं एका तारेचा ताण गेला, स्प्रिंगांचं पारडं जड झालं, ब्रिज मागं बसला आणि उरलेल्या पाचही तारा पाव सुराहून जास्त वर चढल्या. प्रत्येक कॉर्ड बेसूर. गायिकेनं वळून असं बघितलं की आजही आठवतं. मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं आणि गाणं संपेपर्यंत नुसता हात हलवत, मान डोलवत उभा राहिलो. कीबोर्डवाल्यानं माझी जागा भरून काढली आणि पुढं वर्षभर चहाच्या प्रत्येक टपरीवर तिची वसुली केली.

पण पालकांना सांगायचं माझं खरं कारण तार तुटणं हे नाहीच. आपल्याकडची पोरं गाणं ऐकत वाढलेली असतात. गिटार हातात आली की त्यांना पहिल्या महिन्यात मींड काढायची असते. गिटारवर मींड म्हणजे तार बोटानं आडवी ओढायची. पक्क्या ब्रिजवर जेवढी ओढाल तेवढा सूर चढतो. तरंगत्या ब्रिजवर तार ओढली की ब्रिजही तिच्या मागं थोडा येतो. म्हणजे त्याच सुरापर्यंत जायला जास्त ओढावं लागतं, आणि कोवळ्या बोटांची साल निघते. त्याहून वाईट पुढंच आहे. पोरगं शेजारची तार मोकळी छेडून षड्ज धरून ठेवतं आणि दुसऱ्या तारेवर रिषभावरून गंधाराकडं ओढतं. गंधार चढतो तसा धरलेला षड्ज खाली जातो! तंबोरा उतरत असताना गायला बसवल्यासारखं आहे हे. पोराचा कान चांगला असेल तर त्याला वाटतं, आपलंच चुकतंय. चांगल्या कानाची तीन-चार मुलं मी अशी हिरमुसलेली पाहिली आहेत. कान कच्चा असेल तर काही वाटत नाही, ते आणखी वाईट.

ही दांडी मुळात आली कुठून, तेही जरा पाहा. अमेरिकेत गिटारी बनवणारे लिओ फेंडर यांची १९५१ ची टेलिकास्टर ही गिटार पक्क्या ब्रिजची. तारा पाठीमागून लाकडातून ओवून आणलेल्या, सहा तारांना मिळून तीन पितळी सॅडल, म्हणजे तार टेकायचे ठोकळे. मोडण्यासारखं काही नाही. १९५४ साली त्यांनी स्ट्रॅटोकास्टर काढली, तिच्यात तरंगता ब्रिज आणि पाठीमागं स्प्रिंगा. आता दुकानात दिसणाऱ्या बऱ्याचशा स्वस्त गिटारी तिच्याच नकला आहेत, म्हणून त्यांना ही दांडी असते. मुलाला तिची गरज आहे का, हा विचार त्यामागं कुणी केलेला नसतो. खुद्द फेंडर कंपनी तीच स्ट्रॅटोकास्टर दांडीशिवायही विकायची. जाता जाता, ‘ट्रेमोलो’ हे नावही चुकीचंच पडलं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, सूर वर-खाली होणं म्हणजे व्हायब्रॅटो. फेंडरनी गिटारवर पहिलं नाव लावलं आणि आपल्या अॅम्प्लिफायरमधल्या आवाज लहान-मोठा करणाऱ्या बटणाला दुसरं. दोन्ही पाट्या उलट लागल्या, त्या सत्तर वर्षं तशाच लटकताहेत.

त्याच्यापुढची पायरी म्हणजे फ्लॉइड रोझ नावाचा ब्रिज. पेटंट १९७९ चं. यात तारा दोन्ही टोकांना स्क्रूनं आवळून कुलूपबंद करतात, म्हणजे दांडी कितीही आपटली तरी सूर हलत नाही. चांगल्या पोलादाची असेल तर अप्रतिम वस्तू. दहा-बारा हजारांच्या गिटारवर तिची जी नक्कल येते ती मऊ धातूची असते. जिच्यावर ब्रिज तोलायचा ती धार वर्षभरात बोथट होते, मग ब्रिज रोज नव्या जागी बसतो. गेल्या महिन्यात आठवीतला एक मुलगा आईबरोबर आला. तारा गंजल्या म्हणून यूट्यूब बघून घरीच बदलायला बसला होता. या ब्रिजला तारेच्या टोकाची पितळी गुंडी कापून टाकावी लागते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गुंडीसकट तार सॅडलमध्ये कोंबली आणि जोर लावून आवळली. आतला चौकोनी ठोकळा तडकला. हे स्क्रू फिरवायची अॅलन की कुठं आहे विचारलं तर म्हणाला, दप्तरात होती. माउली माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं.

शेजारच्या कारखान्यात तंबोरे होतात. तिथले म्हातारे कारागीर हे सगळं दारातून बघत होते. मी गिटार पालथी करून स्प्रिंगा दाखवल्या. त्यांनी एक स्प्रिंग बोटानं छेडली, ब्रिज खालीवर झालेला पाहिला आणि म्हणाले, “ही कसली घोडी? ही तर उधळलीये. आमची बघा, ठाणबंद.” चाळीस वर्षांत एवढ्या कमी शब्दांत मला हे सांगता आलं नव्हतं.

म्हणजे ट्रेमोलो टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. २०२३ साली गेलेले इंग्लंडचे गिटारवादक जेफ बेक दांडी हाताबाहेर जाऊ देत नसत, आणि अख्खी चाल तिच्यावरून गायल्यासारखी वाजवत. स्प्रिंगांचं एक सुखही आहे. कॉर्ड छेडून तारा मध्येच हातानं दाबल्या तर त्या मागं क्षणभर घुमत राहतात, सतारीच्या तरफा घुमाव्यात तशा. पक्क्या ब्रिजवर ते नाही, आणि मला ते अजून आठवतं. पण हे चौथ्या-पाचव्या वर्षाचं काम आहे. पहिल्या वर्षी पोराला सूर जागेवर मिळाला पाहिजे. एरिक क्लॅप्टन यांच्यासारखा नामांकित गिटारवादकही आपल्या स्ट्रॅटोकास्टरच्या ट्रेमोलोमागं लाकडाचा ठोकळा घालून ती बंद करूनच वाजवत आलाय.

ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी ती विकायला काढू नये. साध्या सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. तारा थोड्या सैल करायच्या. पाठीमागची प्लॅस्टिकची पाटी काढली की स्प्रिंगा ज्या पंज्याला अडकवल्यात तो दिसतो. त्याचे दोन लांब स्क्रू आवळायचे आणि तारा परत सुरात आणायच्या, ब्रिज लाकडावर सपाट टेकेपर्यंत. तीनच स्प्रिंगा असतील तर आणखी एक-दोन घालायच्या. मग ब्रिजखालचा जाड ठोकळा आणि खाचेची पट्ट्याच्या खुंटीकडली भिंत यांत जी फट राहते, त्या मापाचा लाकडाचा तुकडा घासून बसवायचा. सैल नको, ठोकून तर अजिबात नको. हातानं दाबला की अडकून बसला पाहिजे. झाली पक्क्या ब्रिजची गिटार. त्यानंतरही सूर उतरत असेल तर बहुतेक वेळा दोष नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत असतो, तिथं तार अडकते. शिसपेन्सिलीचं टोक दोनदा फिरवा. फ्लॉइडवाल्यांनी मात्र घरी हात लावू नये.

आणि दुकानदारांनाही एक विनंती. गिऱ्हाईक पहिलीच गिटार घेतंय हे तुम्हाला पहिल्या वाक्यात कळतं. मग ‘हे बघा, कसं वाजतं’ म्हणून दांडी हलवून दाखवू नका. दांडी हलली की पोराचे डोळे चमकतात आणि बाप पाकीट काढतो, हे मलाही कळतं. मी स्वतः त्या चमकेला बळी पडलोय.

माझ्या टेबलाच्या खणात आज अकरा दांड्या आहेत, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. ब्रिज बंद करून दिला की दांडी मी ठेवून घेतो आणि पोराला सांगतो, तीन वर्षांनी हवीशी वाटली तर ये. आजपर्यंत दोघं आले. त्यातली एक मुलगी आता कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते. तिनं खण उघडून आपली दांडी शोधली, ठोकळा काढून द्यायला सांगितलं, आणि तो ठोकळाही मागून नेला. तंबोऱ्याच्या कतरणातला होता तो. त्याचे मी पैसे घेत नाही.

आपला,
गिटारी दुरुस्त करणारा एक जुना वाचक,
मिरज