बाबा, कवळीची मागची कड कापायला सांगू नका

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की नवीन वरची कवळी करताना डॉक्टरांना आधीच सांगून ठेवणार, टाळूवरचा भाग छोटा ठेवा, मला उलटी आल्यासारखं होतं. मी तेव्हा जास्त बोलले नाही कारण हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. आई तूपण वाच, कारण दवाखान्यात गेल्यावर बाबा अर्धं सांगतच नाहीत, ते तुलाच सांगावं लागतं.

आधी एक करा बाबा. जुनी कवळी काढा आणि जीभ वर टाळूला लावा. समोर, मधले दोन दात होते त्याच्या जरा मागे एक छोटासा मऊ उंचवटा लागेल. त्याला आम्ही इन्सायसिव्ह पॅपिला म्हणतो. त्याच्याखाली हाडात एक भोक असतं, त्यातून टाळूच्या पुढच्या भागाच्या नसा आणि रक्तवाहिन्या बाहेर येतात. कवळी तिथे दाबली की समोर जळजळ होते, कधी बधिर वाटतं, आणि आरशात बघावं तर जखम काहीच दिसत नाही. म्हणून तिथे कवळीला आतून थोडी मोकळीक द्यायची असते. जीभ अजून मागे न्या, आधी आडव्या सुरकुत्या लागतील आणि मग टाळूच्या बरोबर मधोमध एक कडक उभी रेघ. दोन बाजूंची हाडं जुळतात तो सांधा आहे तो, वरची कातडी तिथे अगदी पातळ असते. आजूबाजूचा भाग थोडा दबतो, ही रेघ दबत नाही, त्यामुळे इथेही मोकळीक ठेवली नाही तर कवळी त्या रेघेवर डुगडुगते आणि शेवटी कधीतरी मधूनच तडकते.

अजून मागे गेलात की हाड संपतं आणि मऊ टाळू सुरू होतो. सगळं घोडं इथेच अडतं. आई, तू बाबांना तोंड उघडून 'आ' म्हणायला सांग आणि टॉर्च मारून बघ. मागचा मऊ भाग हलताना दिसेल आणि पुढचा अजिबात हलणार नाही. जिथून हलायला सुरुवात होते त्या रेषेला व्हायब्रेटिंग लाइन म्हणतात. तिच्या आसपास मध्यावर बऱ्याच जणांना सुईने टोचल्यासारखे दोन बारीक ठिपके असतात, तेही खूण म्हणून उपयोगी पडतात. आणि दोन्ही बाजूंना, शेवटच्या दाढेच्या जागी हिरडीचा जो गोल फुगवटा असतो त्याच्या लगेच मागे एक मऊ खाच असते. एका खाचेपासून या रेषेवरून दुसऱ्या खाचेपर्यंत, कवळीची मागची कड तिथेच संपायला हवी, ना पुढे ना मागे.

का ते सांगते. वरची कवळी दातांना अडकवलेली नसते, ती लाळेच्या पातळ थरावर धरून राहते, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात ना तशी. चारी बाजूंनी हवा आत शिरली नाही तरच ती टिकते. पुढे आणि बाजूला ओठ आणि गाल कडेवर येऊन बसतात म्हणून तिथे झाकलं जातं. मागे मात्र झाकायला काहीच नाही, तिथे कडेनेच मऊ भागात हलकंसं रुतून हवा अडवायची असते. त्यात कवळीचं ॲक्रिलिक पक्कं होताना थोडं आकसतं आणि ते टाळूच्या मागच्या बाजूलाच जास्त जाणवतं, म्हणून प्लास्टरच्या साच्यावर त्या रेषेला किंचित खरवडून घेतात. म्हणजे कवळी तिथे थोडी दाबून बसते. याला पोस्ट डॅम म्हणतात.

आता ती कड कापली तर काय होतं, ती मऊ भागावरून पुढे हाडावर येते, हाड काही दबत नाही, मागून हवा शिरते आणि बोलताना कवळी मागून खाली येऊन जिभेच्या मुळाला लागते. त्यानेच उबळ येते. गेल्या वेळी तुम्ही हट्टाने मागची कड घासून घेतलीत आणि त्यानंतर उलट जास्तच व्हायला लागलं, आठवतंय ना? हां, कड फार मागे हलणाऱ्या भागावर गेली किंवा जाड राहिली तरी उबळ येतेच. म्हणून 'कापा' म्हणू नका, 'उलटी आल्यासारखं होतं' एवढंच सांगा, कड कुठे आहे ते त्यांना बघू दे. शिवाय कवळीला टेकायला वर साधारण 24 चौरस सेंटीमीटर जागा असते आणि खाली जेमतेम 14, वरची जास्त घट्ट बसते ती टाळूमुळेच, ती जागा आपणहून कशाला घालवायची.

माप घेताना ते तोंड मोठं उघडा, जबडा डावीकडे-उजवीकडे न्या असं सांगतील, ते नीट करा, कंटाळू नका. खालच्या जबड्याच्या हाडाचं एक टोक त्या वेळी वरच्या फुगवट्याच्या बाहेरून पुढे येतं, कवळी तिथे जाड झाली तर जांभई देताना सुटते. ओठ आणि गालही ते ओढून बघतील कारण ओठ-गाल हिरडीला जोडणारे आतले पातळ पडदे हलतात तिथे कडेला खाच लागते.

आई, तुझं काम एकच, बाबांचे स्वतःचे दात होते तेव्हाचा हसरा फोटो शोधून ने. दात गेल्यावर वरचं हाड वर आणि आतल्या बाजूला झिजत जातं, म्हणून ओठ आत गेलाय. पुढचे दात मूळचे त्या पॅपिलाच्या मध्यापासून साधारण 8 ते 10 मिलीमीटर पुढे असतात, त्यामुळे डॉक्टर ते आजच्या हिरडीच्या पुढे लावतील आणि बाबांना ट्रायलला, म्हणजे कवळी पक्की करण्याआधी घालून बघतात तेव्हा, पहिल्यांदा दात पुढे आलेत असं वाटेल. लगेच मागे घ्यायला लावू नका, आधी फोटोशी ताडून बघा, बोलून बघा.

आणि जुनी कवळी मापाच्या आधी काढून ठेवायची, म्हणजे दबलेल्या हिरड्या मूळ जागी येतात. किती वेळ ते डॉक्टरांना विचारा, निदान आदल्या रात्री तरी नकोच. गोळ्यांची यादीपण न्या, काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ कमी म्हणजे पकड कमी.

मापाची तारीख ठरली की कळवा, त्या दिवशी मी फोन जवळ ठेवते, काही अडलं तर डॉक्टरांशी बोलेन.

तुमची,
लेक