गणपतीला येत नाही, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं होतं. पण बाबा दोन मिनिटांत ‘घे, आईशी बोल’ म्हणतात, आई ‘जेवलीस का’पासून सुरू करते आणि माझं राहूनच जातं.

तर एका दमात सांगते. पुण्यातली नोकरी मी सोडली. गेले तीन आठवडे बंगळूरला आहे. ‘ऑफिसात आहे, नंतर करते’ असं सांगत होते, ते खोटं होतं. क्लासमध्ये असायचे. डिसेंबरात सीसीआयई या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्रासाठी लॅब परीक्षा द्यायची आहे, तोवर मुक्काम इथेच. आणि या वर्षी गणपतीला येत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आई, मार्चमध्ये तू पेढे वाटलेस ती परीक्षा पास झालेच होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण ती होती दोन तासांची लेखी. तिला लॅबचा दरवाजा समज. खरी परीक्षा आठ तासांची असते. आधी तीन तास डिझाइन: एका कंपनीचे नकाशे, ई-मेल, कागदपत्रं समोर ठेवतात आणि विचारतात, इथे काय करशील आणि का. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागचं उत्तर बदलता येत नाही. मग पाच तास प्रत्यक्ष काम. मुख्य कचेरी, शाखा, त्यांना जोडणारे रस्ते, सगळं उभं करायचं, मुद्दाम मोडून ठेवलेलं शोधून दुरुस्त करायचं. हे सगळं नोकरी करून, रात्रपाळी करून होईल असं वाटलं होतं. वर्षभर करून बघितलं. पहाटे चारला बीजीपीचं, म्हणजे नेटवर्क एकमेकांना रस्ते कसे सांगतात त्याचं, पान उघडायचे आणि सकाळी त्याच पानावर गाल टेकलेला असायचा.

नोकरीबद्दलही सांगते, म्हणजे ‘चांगली चाललेली सोडली’ असं वाटणार नाही. पाच वर्षं मी काय करत होते? बँकेच्या कुठल्यातरी शाखेची लिंक गेली की टिकीट उघडायचं, तिथल्या माणसाला राउटर बंद करून चालू करायला सांगायचं, नाही जमलं तर वरच्या टीमकडे ढकलायचं. यातलं टिकीट उघडायचं काम आता यंत्रच करतं. उरलेलंही करेल. ढकलणाऱ्यांत राहायचं की ज्यांच्याकडे ढकलतात त्यांच्यात जायचं, एवढाच प्रश्न होता. मी एकतीस वर्षांची आहे, चाळिशीत हे धाडस झालं नसतं.

आणि बाबा, रागावण्याआधी एक आठवा. २०१९च्या नोव्हेंबरात टेलिफोनमधल्या नोकरीचा व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म भरलात तो आम्हाला सांगून भरलात का? सही करून आलात, चहा प्यायलात आणि मग म्हणालात, ‘३१ जानेवारीला सुटतोय.’ मी तुमचीच मुलगी आहे.

हे लागलं असेल तर खोडून टाका. त्या संध्याकाळी तुम्ही तारा बसवायचं क्रोनचं टूल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलंत, ते मी पाहिलं होतं. ते आता माझ्याकडे आहे. दिवाळीत न विचारता आणलं.

परवा सरांनी विचारलं, छताला लावलेल्या वायफायच्या डब्याला वीज कुठून येते? मी म्हटलं, नेटवर्कच्याच केबलमधून, साधारण ४८ व्होल्ट. बाकीची मुलं लिहून घेत होती आणि मला ॲसिडचा वास आला. तुमच्या एक्स्चेंजची बॅटरी रूम. दोन-दोन व्होल्टच्या चोवीस बॅटऱ्या, आणि ‘लांबून मोज, हात लावू नको.’ चोवीस दुणे अठ्ठेचाळीस मी शाळेत नाही, त्या खोलीत शिकले. शुभंकरोतीनंतर तुम्ही केबलचे रंग म्हणून घ्यायचात ना, निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, करडा? आमच्या केबलीत आजही तेच पहिले चार रंग आहेत. करडा तेवढा गळला. आणि ऐका, देशी एक्स्चेंज घडवणारं तुमचं सी-डॉट आणि ज्यांची परीक्षा मी देतेय ती सिस्को, दोन्ही १९८४ची. मला गंमत वाटली.

अजून एक तुमच्यासाठी. पास झालं की सीसीआयईचा नंबर मिळतो, तुमच्या स्टाफ नंबरासारखा, दुसऱ्या कुणाला मिळत नाही. १९९३ला हे सुरू झालं तेव्हा मोजणी १०२४पासून धरली आणि तो पहिला नंबर माणसाला दिलाच नाही, लॅबला दिला. तुम्हीही शिरगावच्या एक्स्चेंजला नारळ वाढवल्याशिवाय कामाला हात लावत नव्हतात. (आई विचारेल म्हणून सांगते, हे आयुष्यभर पुरत नाही. तीन वर्षांनी नूतनीकरण. लायसन्ससारखं.)

पैशांचं. परीक्षेची फी सव्वा लाखाच्या वर जाते. हा आकडा वाचून बाबा चष्मा काढून पुसतील. पुसा, पण पुढचंही वाचा. सगळं माझ्या मुदत ठेवीतून आहे. पीएफ जिथल्या तिथे, आईच्या पाटल्या जिथल्या तिथे. पुरानंतरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मे महिन्यात गेला, ते बघूनच राजीनामा दिला. पहिल्या खेपेला पास होणारे थोडेच असतात, म्हणून दुसऱ्या खेपेचेही बाजूला काढलेत. तुमच्या औषधांचे पैसे एक तारखेला येतात तसेच येतील.

खोली चांगली आहे. मराठहळ्ळीला, तिसऱ्या मजल्यावर, पाणी चोवीस तास. सोबतीण बेळगावची, त्यामुळे भांडण मराठीतून करता येतं. सांबार गोडसर असतं पण वाईट नाही. रविवारी मी इंडक्शनवर कुळथाची पिठी करते, आई, तुझ्यासारखी दाट होत नाही, गुठळ्या होतात. मेतकूट अर्धी बरणी शिल्लक आहे. सरावासाठी नेटवर्कचा एक जुना स्विच घेतलाय, पलंगाखाली असतो, रात्रभर जात्यासारखा घुमतो. मला त्या आवाजात झोप लागते. लहानपणी तुझ्या दळणाच्या आवाजात लागायची तशी.

आता सूचना. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात, ते पुढे ढकलायचं नाही. मी येतेय, कराडपर्यंत रात्रीची बस आणि मग कुंभार्ली घाट, तिकीट काढलंय. नंतर शकूमावशी आठ दिवस राहील, तिच्याशी बोलले आहे. (हो, तिला तुमच्या आधी सांगितलं. तेवढं माफ करा.) थेंब वेळेवर घालायचे, चुलीपुढे बसायचं नाही. बाबांनी साखर दर तीन महिन्यांनी तपासायचीच, आणि गणपतीत ‘एकच मोदक’ म्हणून चार खायचे नाहीत. मखराला माळ्यावर बाबांनी चढायचं नाही, शेजारच्या मुलांना सांगा. आरतीला फोन समोर ठेवा, मी इथून म्हणेन. माझ्या वाटणीची गौरीची पूजा आई करेल.

आणि फोन. आमच्यात राउटर एकमेकांना दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ म्हणतात. ४० सेकंद काही ऐकू आलं नाही की शेजारी गेला असं धरून दुसरा रस्ता शोधतात. (आई, पुढचं शुभच आहे.) तुमच्या घरात पहिल्यापासून हाच नियम आहे, दोन फोन उचलले नाहीत की पुण्यातल्या घरमालकीणबाईंना फोन. तर परीक्षेच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझा फोन बंद असेल, आत नेता येत नाही. त्या दिवशी घरमालकीणबाईंना, शकूमावशीला, पोलिसांना, कुणालाही फोन करायचा नाही. बाहेर आले की पहिला फोन तुम्हालाच.

बाबा, या वेळी ‘घे, आईशी बोल’ म्हणण्याआधी पाच मिनिटं माझ्याशी बोला. मला बॅटरी रूमबद्दल अजून विचारायचं आहे.

तुमची,
छकुली

ता. क. आई, राउटरवर घातलेला तो क्रोशाचा रुमाल काढ. तो देव नाही, तापतो. परवा व्हिडिओ कॉलवर तुमचं चित्र अडकत होतं ते मला तरी त्यामुळेच वाटतं. रुमाल फ्रिजवर घाल.