पेटीवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

एकपात्री प्रयोग म्हटल्यावर जाहिरातीत माझं एकटीचं नाव छापून येतं. विंगेला लागून तुम्ही पेटी घेऊन बसलेले असता, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जुन्या गायिकांच्या गोष्टी सांगणारा हा प्रयोग; तालमींच्या सुरुवातीला मी त्यातल्या प्रत्येक गायिकेचा आवाज काढायला निघाले होते. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाई हनगलांचा आवाज खर्जाकडे झुकला, म्हणून मीही माझी काळी चारची पट्टी सोडून खालची पांढरी एक धरली. चौथ्या दिवशी घसा बसला. तुम्ही रागावला नाहीत. भाता मिटलात आणि म्हणालात, "बाईंचा आवाज बाईंपाशी राहू दे. तू त्यांची गोष्ट सांग, आणि गा आपल्या पट्टीत." त्या रात्री मी अख्खी संहिता पुन्हा लिहायला घेतली.

गौहर जानचा प्रवेश तर तुमचाच. १९०२ साली त्यांचं गाणं तबकडीवर उतरलं, जेमतेम तीन मिनिटांचं. शेवटी त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत. मी ते नखऱ्यात म्हणायचे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून ती सोय होती, हे तुम्ही समजावलंत. आता मी ते वाक्य कर्ण्याच्या तोंडाशी, ताठ उभी राहून म्हणते. नाव नोंदवणाऱ्या बाईसारखं.

आणि शुभारंभाचा प्रयोग! १९७७ साली केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अंतराळात गेली, त्याच वर्षी केसरबाईही गेल्या, एवढं बोलून मी षड्ज लावायला गेले आणि कंठ दाटून आला. सूर लागेना. तुम्ही मुखडा पुन्हा वाजवलात, मग आणखी एकदा, जणू तसंच बसवलं होतं. मग सगळं थांबवून फक्त षड्ज धरून ठेवलात. डावा हात भात्यावर, उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर, जराही न हलणारं. मला समोरचं नाट्यगृह दिसत नव्हतं, ते बोट तेवढं दिसत होतं. त्याच्याकडे बघत मी सूर लावला.

काका, त्या रात्री तुमच्या पाया पडायचंही राहून गेलं. तुमचे मनापासून आभार.

आता बेगम अख्तर बसवायच्या आहेत. संहिता हातात आहे, पण तुमची पेटी उघडल्याशिवाय मी वाचायलासुद्धा घेणार नाही.

तुमची,
मंचावरची "एकटी"