मृगाआधी रानात गाळ पडू द्या

समस्त गावकरी, पुण्या-मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली आपली लेकरं आणि परंडा तालुक्यातले ट्रॅक्टरमालक, सर्वांना ग्रामपंचायत व गाळ समितीचा रामराम.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना पात्र सोडून शिवारात शिरली. उभं सोयाबीन गेलं, ते एका हंगामाचं नुकसान. नदीकाठची जमीनच खरडून गेली, हे दुखणं मोठं आहे. दीड एकरावर एकटीने संसार ओढणाऱ्या आपल्या एका बहिणीच्या रानात जाऊन बघा. हातभर काळी माती होती तिथं मुरूम उघडा पडलाय, बांध कुठं होता ते कळत नाही, नांगराचा फाळ दगडावर घासून ठिणगी उडते. असं रान कोणी बटईनंही करत नाही. खरडलेल्या जमिनीला सरकारने हेक्टरी ४७,००० रुपये जाहीर केले. दीड एकराचे होतात अठ्ठावीस हजार. त्यात उधारी फिटते, माती येत नाही.

माती आपल्याच पाझर तलावात आहे आणि तलाव आता आटलाय. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ फुकट आहे, अल्पभूधारकाला वाहतुकीचं अनुदानही आहे. पण अनुदान काम झाल्यावर खात्यात येतं, ट्रॅक्टरमध्ये डिझेल मात्र आज टाकावं लागतं. म्हणून ज्याच्या हातात पैसा, त्याच्या रानात गाळ आधी पडतो आणि लहान शेतकरी तलावाच्या काठावर उभा राहून दुसऱ्याच्या ट्रॉल्या मोजतो. यंदा हे होऊ द्यायचं नाही.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, त्यांनी दोन दिवस द्यावेत. डिझेल समिती भरेल. बाकीच्यांनी डिझेलसाठी जमेल ते द्यावं, शंभर रुपयेही मोलाचे आहेत. घरचं सोयाबीन बियाणंही हवंय, एकरी २६ ते ३० किलो लागतं. मात्र १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा, ७० तरी उगवले तरच आणा. नाहीतर दुबार पेरणी गरिबाच्याच माथी बसते. पुराच्या वेळी कपडे-भांडी भरपूर आली, ते उपकार गाव विसरणार नाही. आता ती पाठवू नयेत.

कुणाच्या रानात आधी गाळ टाकायचा ती यादी ग्रामसभेत वाचून ठरली आहे: अडीच एकराच्या आतले आणि एकट्या बाया पहिल्या. ती बदलायला कुणी वशिला लावू नये. जमाखर्च दर सोमवारी फलकावर लागेल.

मृग ७-८ जूनला निघतो. एकदा पाऊस लागला की तलावात ट्रॉली उतरत नाही. ट्रॅक्टरमालकांनी आपले दिवस याच आठवड्यात ग्रामपंचायतीत नोंदवावेत, आणि पैसे देणाऱ्याने पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.