आधी चाक, मग बोट

ग्लासगो, 18 जानेवारी

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सांगाड्याचे फोटो पाहिले. प्रतिकृती करायची तर इथल्या क्लाइड नदीवरच्या 'वेव्हर्ली' या चाकांच्या आगबोटीचीच, हे तू पक्कं केलंस ते फार बरं झालं. पण फासळ्यांवर पट्ट्या मारायला घेऊ नकोस, तिथेच थांब. एरवीच्या बोटीत आधी कवच, मग यंत्र असा क्रम चालतो. चाकांच्या आगबोटीत तो उलटा लागतो, कारण आसाची उंची, पाण्याची रेघ, बाजूचे स्पॉन्सन (चाकं पेलणारे, कवचाबाहेर आलेले भाग), चाकांच्या पेट्या हे सगळं चाक ठरवतं. कवच झाल्यावर चाक बसवायला गेलं की आस चार मिलिमीटर वर नाहीतर खाली येतो, आणि मग तो दोष कशानेही झाकता येत नाही.

आधी मापाचं बघू. खरी बोट सुमारे 73 मीटर लांब आहे. कवचाची रुंदी साधारण 9.2 मीटर, चाकांच्या पेट्या धरून साडेसतरा, आणि पाण्याखाली जेमतेम 1.9 मीटर. तू 1:96 म्हणतोस. त्या मापाने बोट 76 सेंटिमीटरची होईल, कपाटावर मावेल, दिसेलही देखणी. पण माप अर्धं केलं की पाणी बाजूला सारण्याची ताकद आठवा हिस्सा होते. 1:48 ला बोट 152 सेंटिमीटर लांब होते आणि रेघेपर्यंत बुडायला तिला साडेसहा किलोच्या आसपास वजन लागतं. 1:96 ला हेच वजन 800 ग्रॅम. मोटर, बॅटरी, पितळेची दोन चाकं आणि लाकूड 800 ग्रॅममध्ये बसवणं जवळजवळ अशक्य आहे. पाण्यात चालवायची असेल तर 1:48 च घे.

त्या साडेसहा किलोंचा हिशोब आताच वहीत मांड. कवच 1.8 किलो, डेक आणि वरचं बांधकाम 800 ग्रॅम, चाकं-आस-बेअरिंग 600, मोटर आणि पट्टा 400, रेडिओ-सर्व्हो 200, 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी सव्वादोन किलोपर्यंत. अर्धा किलो उरतो, तो समतोलाच्या शिशासाठी. वरचं बांधकाम 800 ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नकोस. कवच अरुंद आणि उथळ आहे, त्यामुळे वर चढवलेलं वजन लगेच जाणवतं. बोट उजवीकडे कलली की उजवं चाक जास्त बुडतं, त्याची पकड वाढते आणि बोट डावीकडे ओढू लागते. लोक याचा दोष सुकाणूला देतात, खरा दोष असतो वजनाचा.

आता चाक. 'वेव्हर्ली'च्या प्रत्येक चाकाला लाकडाची आठ पाती आहेत आणि ती चाकावर घट्ट बसवलेली नाहीत. प्रत्येक पातं बिजागरीवर फिरतं, म्हणून ते पाण्यात धारेने शिरतं, तळाशी उभं राहून पाणी ढकलतं आणि बाहेर येताना पाणी उचलत नाही. हे घडवणारा एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकलेला न फिरणारा खुंट, आसाच्या थोडा पुढे, बोटीच्या नाळेच्या म्हणजे पुढच्या टोकाच्या बाजूला, स्पॉन्सनच्या बाहेरच्या तुळईवर पक्का असतो. त्याच्याभोवती एक कडं फिरतं आणि कड्यातून आठ दांड्या आठ पात्यांच्या हातांना, म्हणजे पात्याला काटकोनात जोडलेल्या आखूड पट्ट्यांना, जातात.

एक्सेंट्रिकची जागा अंदाजाने ठरवू नकोस. मोठ्या कागदावर चाक पूर्ण मापात काढ. बिजागऱ्यांच्या वर्तुळाचा अगदी वरचा बिंदू घे. तळाचं पातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाती, अशा तीन बिजागऱ्यांपासून त्या बिंदूकडे रेषा ओढ. पाती याच रेषांवर बसतील. प्रत्येक पात्याला काटकोनात, नाळेच्या बाजूला, सारख्या लांबीचा हात काढ. तिन्ही हातांच्या टोकांतून जाणारं वर्तुळ आखलंस की त्याचा मध्य हीच एक्सेंट्रिकची जागा. समजा बिजागऱ्यांच्या वर्तुळाची त्रिज्या 40 मिलिमीटर आणि हात 12 मिलिमीटरचा, तर मध्य आसाच्या जवळजवळ समपातळीत, सुमारे साडेसहा मिलिमीटर पुढे येतो. म्हणजे हाताच्या निम्म्याहून किंचित जास्त. हे अंतर हाताइतकंच ठेवलं तर पाती फेराभर उभीच राहतात. बोट चालेल, पण खऱ्या चाकाची ती डौलदार हालचाल उरणार नाही, आणि एवढा खटाटोप आपण त्या हालचालीसाठीच करतो आहोत.

आठपैकी एक दांडी कड्याला सोल्डरने पक्की करायची, बाकी सात पिनेवर फिरत्या. ही मुख्य दांडी कड्याला ओढून फिरवते. ती सैल राहिली तर कडं मागे पडतं, दांड्या तिरक्या होतात आणि चाक अडकतं. दांड्यांची दोन्ही भोकं एकाच साच्यात पाड, एकेक मोजून नव्हे. पाव मिलिमीटरचा फरकसुद्धा फेऱ्यातल्या एका ठराविक जागी अडखळतो. एका चाकात सोळा बिजागऱ्या, हातांच्या आठ पिना, कड्यावरच्या सात आणि खुद्द कडं मिळून 32 सांधे होतात, दोन चाकांचे 64. प्रत्येक जरासा घट्ट असला तरी सगळी मोटर त्यातच खर्ची पडते. दीड मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेच्या पिना आणि 1.6 चं भोक, एवढी मोकळीक ठेव.

आणि दोन्ही चाकं एकमेकांच्या आरशातली असतात हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. एकसारखी दोन केली की एकाचे हात मागच्या बाजूला येतात. ही चूक इतकी सर्रास होते की पहिलं चाक जुळवून झाल्यावर त्यावर खडूने 'डावं' असं लिहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

चाकाची चौकट 1 मिलिमीटरच्या पितळी पत्र्याची कर. मधला हब आणि 6 मिलिमीटरचा आस कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे तासाभरात होईल. हबला दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) आणि आसावर त्यांच्यासाठी चपटी जागा सांग, नाहीतर उलट फेरा दिला की हब आसावर घसरतो. जोडणीसाठी प्लायच्या फळीवर 45 अंशांवर आठ खुंट्या ठोकून साचा बनव. एक सांधा तापवताना शेजारचा सुटतो, म्हणून शेजारच्यावर ओला कापूस ठेव. सोल्डर धरावं म्हणून ॲसिडचा फ्लक्स वापरलास तर त्याच दिवशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि ब्रशने धू. राहिला तर महिन्याभरात सगळ्या सांध्यांवर कळंक चढतो आणि पिना जाम होतात. आजीकडून चिंच घेऊन घासलंस तरी चालेल, पण नंतर भरपूर पाणी हवं.

पाती दीड मिलिमीटरच्या प्लायची, कडांसकट इपॉक्सी पाजलेली. सागवानाची करायची असतील तर इपॉक्सीआधी ॲसिटोनने पुसून घे, कारण सागाच्या अंगच्या तेलावर इपॉक्सी धरत नाही.

चाक हाताने मोकळं फिरू लागलं की मग आसाची उंची ठरव. तळाचं पातं पूर्ण बुडून त्याची वरची कड पाण्याखाली दोन ते चार मिलिमीटर राहायला हवी. जास्त बुडलं तर मोटर दमते आणि पेटीत पाणी भरतं, कमी बुडलं तर चाक नुसतं फेस काढतं.

खऱ्या बोटीत दोन्ही चाकं एकाच आसावर आहेत, म्हणून एक पुढे नि एक मागे असं फिरवून ती जागच्या जागी वळत नाही. तीन सिलिंडरांचं तिरकं यंत्र थेट त्या आसाला फिरवतं, ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोरने केलेलं. बोटीवर गेलं की प्रवाशांना ते जवळून पाहता येतं. तीन वेगळ्या कोनांत फिरणाऱ्या त्या क्रँका पाहण्यासारखी दुसरी गोष्ट या शहरात मला माहीत नाही. तूही आस एकच ठेव. चाकांचा झोत सुकाणूवर पडत नाही, त्यामुळे हळू चालताना बोट वळायला आळस करते. सुकाणूचं पाण्याखालचं क्षेत्रफळ मापापेक्षा दीडपट कर, वरून दिसत नाही.

मोटर 12 व्होल्टची, गिअरवाली, 300 फेऱ्यांची घे आणि टायमिंग बेल्टने एकास एक जोड. खरं चाक मिनिटाला पन्नासएक फेरे घेतं. 1:48 ला लाटांचं गणित जुळवायला त्याच्या सातपट, म्हणजे साडेतीनशे लागतील, पण डोळ्याला ते घाईचं वाटतं. अडीचशेच्या खाली-वर ठेवलंस तर लाटही शोभते आणि पातीही मोजता येतात. पुढून एकदम मागे फिरवू नकोस, मुख्य दांडीचं सोल्डर तिथेच तुटतं. 10 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लाव.

कवच तुला येतंच. शिवण लाकडाच्या 6 बाय 2 मिलिमीटरच्या पट्ट्या, बाहेरून काचकापड आणि इपॉक्सी. आतूनही इपॉक्सीचा हात दे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आतलं उघडं लाकूड फुगतं आणि बाहेरच्या रंगाला लांबच लांब भेगा पडतात. चाकाच्या पेटीची आतली भिंत पूर्ण बंद कर. आस पाण्याच्या वर असला तरी उडणारं पाणी त्याच्या भोकातून आत येतं, तिथे ग्रीस लावलेलं नमद्याचं वायसर घाल.

रंगाआधी साल ठरव. 1947 ची करायची तर धुरांडी लाल, त्यावर पांढरा पट्टा, वर काळा. बोट रेल्वे कंपनीची होती, 1948 ला इथल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर धुरांडी पिवळी आणि वर काळी झाली. आज दिसते ती पुन्हा पहिल्या रूपात आहे, पण आजचे फोटो बघून 1947 ची बोट करू नकोस, मधल्या दुरुस्त्यांत बरंच बदललं आहे. ही बोट 2 ऑक्टोबर 1946 ला ए. अँड जे. इंग्लिसच्या गोदीतून पाण्यात उतरली. त्याच जागेवर आता रिव्हरसाइड म्युझियम आहे आणि तिथे क्लाइडवरच्या बोटींच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. चाकाच्या पेटीवरची पंख्यासारखी नक्षी कशी कोरायची ते तिथल्या जुन्या चाकांच्या बोटी पाहून कळतं. ती नक्षी नुसती शोभेची नसते, तिच्या फटींतून हवा आणि पाणी बाहेर पडतं. तूही फटी खऱ्या काप, रंगवू नकोस.

पहिली चाचणी गच्चीवर घे. विटांचा दोन मीटर बाय साठ सेंटिमीटरचा हौद, आत ताडपत्री, पंधरा सेंटिमीटर पाणी. रेघ, कल आणि पात्यांची बुडी तिथे पक्की झाल्यावर मगच मामांच्या शेततळ्यात. रंकाळ्यात नको, केंदाळाचा एक तुरा दांड्यांत गेला तरी चाक मोडेल.

कागदावरचं चाक काढून झालं की त्याचा फोटो पाठव. बिजागऱ्यांची त्रिज्या, हाताची लांबी आणि आलेलं अंतर हे तीन आकडे शेजारी लिही. ते पाहिल्यावर पितळ कापायचं की नाही ते कळवतो.

आजीला आणि दादा-वहिनींना माझा नमस्कार.

तुझा,
काका