माळ खिशात ठेवायचो तेव्हा

चिऊ,

काल फोनवर तू रडलीस ना, तेव्हा मला काय बोलावं सुचलंच नाही म्हणून हे लिहितोय. पाच वाजता उठायचं, मोबाईल लांब ठेवायचा, जिम, डायरी, सगळा चार्ट बंगलोरच्या त्या एवढ्याशा रूममध्ये कपाटावर चिकटवलायस आणि रोज रात्री त्यावर फुली मारून स्वतःला शिव्या घालतेस. "बाबा मी कधीच बदलणार नाही" म्हणालीस. हे वाक्य माझं आहे गं, दहाएक वर्षं मीच बोलत होतो.

माझं पिणं तुला थोडंफार आठवत असेल. माळ घातलेली मात्र आठवत नसेल. आजीने पंढरपूरहून तुळशीची माळ आणली, म्हणाली गळ्यात माळ असली की माणूस पीत नाही. मी पण मनापासून घातली हं, खोटं नाही. ठाण्यात कोपिनेश्वराच्या देवळात शपथ घेतली, तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली. अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी वागळे इस्टेटहून रिक्षाने येताना तीन पेट्रोल पंप नावाच्या स्टॉपला उतरायच्या आधी माळ काढून शर्टाच्या खिशात ठेवली, वरून रुमाल ठेवला, आणि मग बारमध्ये गेलो. बाहेर पडल्यावर परत घातली. त्या रात्री स्वतःची इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी ती लाज विसरायलाच प्यायलो. मग नवीन शपथ, आधीपेक्षा कडक. असा तो चरखा.

2010 च्या पावसाळ्यात एकाने मला ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, दारू सोडू बघणाऱ्यांच्या मीटिंगला नेलं. शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, गुडघे वर आपटतायत, स्टीलच्या टाकीतला चहा. एक रिटायर्ड काका उभे राहिले आणि म्हणाले, चौदा वर्षं झाली, थेंब घेतला नाही, आणि मी बेवडा आहे. मला मनात हसूच आलं, म्हटलं काका एक काहीतरी ठरवा. त्यांची पहिली पायरीच अशी की दारूपुढे आमचं काही चालत नाही, आयुष्य हाताबाहेर गेलंय हे कबूल करायचं. मी तर ताकद मागायला गेलेलो, आणि हे म्हणतात आधी हरलो म्हण!

घरी येऊन आजीला सांगितलं. ती भाजी निवडत होती, म्हणाली यात नवल काय, मुंगी उडाली आकाशी. मुक्ताईचा अभंग, मुंगी उडते आणि सूर्यालाच गिळते. लहानपणी मी तिला विचारायचो मुंगी सूर्य कसा गिळेल, तर म्हणायची कळलं नाही तरी म्हण. तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं काही गोष्टी सोडवायच्या नसतातच, दोन्ही टोकं धरून बसायचं असतं. मी बेवडा आहे हेही खरं आणि आज प्यायलो नाही हेही खरं. एक सोडलं की दुसरं जातं, मी करून बघितलंय. 'आता मी बरा झालो' असं ज्या ज्या वेळी वाटलं ना त्या त्या वेळी पाय त्या पंपाकडे वळलेत.

अजून एक गंमत सांगतो, ही संस्था सुरू झाली 1935 ला, अमेरिकेत ॲक्रन गावात. बिल विल्सन नावाचा शेअर मार्केटमधला माणूस, धंद्याचं काम फिसकटलेलं, हॉटेलच्या लॉबीत उभा, समोर बार. आपण आता पिणार हे त्याला कळलं आणि त्याने काय केलं, फोन करकरून दुसरा एक दारुडा शोधला, मदत करायला. सापडला तो सर्जन होता, डॉक्टर बॉब. दुसऱ्याला वाचवायला गेला आणि स्वतः वाचला. उलटंच सगळं.

आता तू म्हणशील बाबा म्हणजे मी लोळत पडू का दहापर्यंत. नाही गं. मी पिणं चालूच ठेवलं असतं तर ते कबूल करणं कसलं, ते थेरं झाली. मी एवढंच म्हणतोय की रात्री फुली मारताना शिवी गाळून बघ. नुसतं लिही, आज उठता आलं नाही. तब्येतीचा रिपोर्ट वाचतो तसं. मी जेव्हा पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोललो की मी माळ खिशात ठेवून पितो, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही, एकाने फक्त चहा पुढे केला, आणि त्या रात्री मी तलावपाळीला दोन चकरा मारून सरळ घरी आलो. का ते अजून नीट सांगता येत नाही. उद्याचं वचन मात्र तेव्हापासून कोणाला दिलं नाही, तुलाही देत नाही, आजचं विचार.

ती माळ देवघरात आहे, आजी गेल्यावर मी परत घातली नाही. आई म्हणते घाल. बघू.

आज मीटिंगला चहाची पाळी माझी आहे, दोन लिटर दूध आणायचंय आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. जेवलीस का ते कळव.

बाबा