खराब जोड्यांचा हिशेब

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

एन्टँगल्ड जोड्या, म्हणजे क्वांटम नात्याने एकमेकांशी बांधलेल्या कणांच्या जोड्या, दूर पाठवताना वाटेत खराब होतात, तर मध्ये अ‍ॅम्प्लिफायर का बसवत नाहीत, असं तू विचारलंस. बाबा रे, तीच तर पंचाईत! अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नक्कल काढणं आलं, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झालंय. त्यात उत्तम फायबरमधूनही १०० किलोमीटरवर शंभरातला एखादाच फोटॉन (प्रकाशकण) पोचतो, आणि जो पोचतो तोही धड असेलच असं नाही.

१९९६ मध्ये बेनेट, ब्रासार वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. बिघाड सगळ्या बाजूंनी सारखा मिसळला असेल, तर एकट्या जोडीवर कितीही खटपट करा, ती सुधारत नाही. म्हणून दोन जोड्या घ्यायच्या. प्रत्येकीतला एक क्यूबिट, म्हणजे जोडीतला एक कण, तुझ्याकडे, एक माझ्याकडे. दोघांनी आपापल्या जागी पहिल्या जोडीचा क्यूबिट कंट्रोल धरून दुसरीच्या क्यूबिटवर कंट्रोल्ड-नॉट गेट (कंट्रोल १ असेल तरच दुसरा क्यूबिट उलटवणारी क्रिया) चालवायचं आणि दुसरी जोडी मोजून टाकायची. मग सरळ फोन करायचा: "तुझं काय आलं?" उत्तरं जुळली तर पहिली ठेवायची, नाहीतर दोन्ही फेकायच्या. दुसरी जोडी बिचारी पहिलीची चुगली करण्यापुरतीच!

आता हिशेब बघ. फिडेलिटी, म्हणजे आदर्श जोडीशी जुळणी, ०.७५ असेल तर एका फेरीत ती जेमतेम ०.७९ होते. तीही शंभरातून ७२ वेळाच. उरलेल्या वेळी दोन्ही जोड्या गेल्या. टिकलेल्या जोड्यांवर पुन्हा तेच करत राहायचं. सुरुवातच ०.५ किंवा त्याखाली असेल तर या रीतीने काही साधत नाही.

पण मला विचारशील तर खरी अडचण त्या फोनची आहे. १०० किलोमीटरवरून निरोप यायला अर्धा मिलिसेकंद लागतो आणि तोवर जपून ठेवलेली जोडीही बिघडतच असते. त्यामुळे गेटपेक्षा मेमरीकडे, म्हणजे जोडी जपून ठेवण्याच्या सोयीकडे, आधी बघावं, असं माझं मत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये २०१७ साली हिऱ्यावर केलेला प्रयोग त्यासाठीच वाच. तिथे पहिली जोडी इलेक्ट्रॉनच्या स्पिनवरून (त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणावरून) शेजारच्या कार्बन-१३ च्या अणुकेंद्रात हलवली आणि मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनवर दुसरी तयार केली. दुसरी बनेपर्यंत पहिली टिकवणं, हीच त्यातली मेख.

०.७९ चा आकडा कुठून आला ते हवं असेल तर कळव, गणित सविस्तर लिहून पाठवतो.

तुझा,
अनिकेत